तीन आठवडे, बारा महिने

त्या वर्षी आमच्या डोंगळ्यांत आवाज नव्हता. हे आधी आईच्या लक्षात आलं.

२०२१चा फेब्रुवारी होता. पुण्यातलं ऑफिस वर्षभर बंद होतं आणि मी निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात, पडवीत टेबल टाकून काम करत होतो. सकाळची मीटिंग चालू असताना आई दारात येऊन उभी राहिली. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"डोंगळ्यांत एक माशी नाही रे."

"चांगलंय की मग," मी म्हणालो आणि हेडफोन पुन्हा कानावर घेतला. ती कुठल्या माशीबद्दल बोलत होती हे मला संध्याकाळी कळलं.

ज्यांनी कांदा फक्त स्वयंपाकघरात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. डोंगळा म्हणजे कांद्याला येणारा फुलांचा दांडा. विकायच्या कांद्यात तो आला तर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण दांडा धरला की कांदा पोसत नाही. पण बियाणं करायचं असेल तर डोंगळाच हवा असतो. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक जुने कांदे शेंड्याकडून कापून पुन्हा जमिनीत लावतात. मग त्यांना थंडी लागते, आणि थंडीला निफाडात तोटा नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचाच्या खाली गेला की निफाडचं नाव राज्यभरच्या पेपरात येतं. त्या थंडीनं कांद्याला दांडे फुटतात आणि जानेवारीच्या शेवटी दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे उमलायला लागतात.

आम्ही दरवर्षी घरापुरतं चार-पाच गुंठ्यांत बी करायचो. कांद्याचं बी साठवून टिकत नाही. वर्ष उलटलं की उगवण घसरते, म्हणून दरवर्षी ताजं लागतं. २०२० साली पावसानं रोपं गेली, लोकांनी पुन्हा पुन्हा उळं टाकलं आणि बियाण्याचे भाव कुणी ऐकले नव्हते तिथे जाऊन पोचले. ऑक्टोबरच्या अखेरीस केंद्र सरकारनं कांदा बियाण्याची निर्यातच बंद केली. त्याच दिवसांत आण्णांनी ठरवलं, यंदा वीस गुंठे डोंगळे लावायचे. घरचं भागेल आणि उरलेल्या बियांवर माझ्या इंजिनिअरिंगच्या कर्जाचे राहिलेले हप्ते एकदम फिटतील, असा हिशोब होता. हिशोब मीच एक्सेलमध्ये मांडून दिला होता. त्यात खत होतं, मजुरी होती, औषधं होती. मधमाशीचा रकाना नव्हता.

*

आईचं म्हणणं कळल्यावर मी पहिल्यांदा कांद्याचं फूल नीट पाहिलं. आयुष्याची वीस वर्षं कांद्याच्या शेतात गेली, पण फूल म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

एक गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. त्यात शेकडो बारीक फुलं असतात आणि ती दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर, मधे एक स्त्रीकेसर आणि खाली तीन कप्प्यांत मिळून सहा बिया धरण्याची सोय. म्हणजे एका फुलाला जास्तीत जास्त सहा बिया. गंमत अशी की फूल उमलतं तेव्हा त्यातला नर आधी जागा होतो. पुंकेसर फुटून पराग सांडतो, तेव्हा स्त्रीकेसर जेमतेम मिलिमीटरभर असतो आणि तयार नसतो. तो वाढून पराग घ्यायला तयार होतो तोवर त्याच फुलातला पराग संपलेला असतो. फुलाला स्वतःचा पराग मिळू नये अशीच ही व्यवस्था आहे. पराग दुसऱ्या फुलातून आला पाहिजे. चिकट परागाचं हे काम वाऱ्याच्या भरवशावर होत नाही. पायांना आणि अंगावरच्या लवेला पराग लावून एका गोंड्यावरून दुसऱ्या गोंड्यावर जाणारं कुणीतरी लागतं.

आमच्याकडे हे काम करायच्या त्या मुख्यतः कुंपणातल्या फुलोरी माश्या, कुठल्या तरी उंच झाडावरच्या आग्या मोहोळातल्या माश्या, क्वचित सातेरी, आणि साध्या माश्यासुद्धा. त्यांना आम्ही कधी बोलावलं नव्हतं. त्या येतात हेच गृहीत होतं. त्यांना शेतकरी पैसे देत नाही, त्यामुळे त्या खर्चात दिसत नाहीत. जी गोष्ट खर्चात दिसत नाही ती हिशोबातही येत नाही.

*

आण्णांनी एका वाक्यात निकाल दिला. "नानाच्या ब्लोअरनं मारल्या."

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. बांधापलीकडे त्यांची द्राक्षबाग आहे. वाटणी झाल्यापासून दोन भावांत बोलणं होतं, पण मोजून. ब्लोअरचं फवारणं बांध ओळखत नाही, हे खरंच आहे. आणि द्राक्षबागेत फवारण्या किती होतात ते निफाडात कुणाला सांगायला नको. केवडा, भुरी, फुलकिडे, मिलीबग. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत पंपाला विश्रांती नसते.

द्राक्षाला मधमाशीची गरजही नाही. वेलीच्या फुलाची टोपी गळते आणि ते स्वतःच्याच किंवा शेजारच्या परागावर भागवतं. आपली थॉमसन, तास-ए-गणेश किंवा सोनाका बिनबियांची म्हणतात ती यामुळे नव्हे की फलन होत नाही. फलन होतं, पण बी सुरुवातीलाच खुरटतं. मणी फुगवायचं काम मग जिबरेलिक आम्ल करतं. त्यात घड बुडवतात. म्हणजे आमच्या तालुक्याचं सगळ्यात मोठं नगदी पीक असं आहे, ज्याला फुलांवर कुणी आलं काय आणि नाही आलं काय, फरक पडत नाही. गव्हाचंही तेच. ऊस तर फुलासाठी लावतच नाहीत. चारही दिशांना हिरवंगार दिसणाऱ्या या तालुक्यात माशीला खायला काय आहे, हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

मला आण्णांचं पटलं. इतकं पटलं, की ते सिद्ध करायचं मी ठरवलं. रात्री लॅपटॉप उघडून मी तारखा लावायला बसलो. माश्या कधीपासून दिसेनाशा झाल्या, आईला विचारलं. ती म्हणाली, संकष्टीच्या आदल्या दिवशी होत्या, नंतर नाहीत. मग फवारणीची वही काढली. पूर्वी आमचीही थोडी द्राक्षं होती. २०१० साली युरोपात द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि निर्यात अडकली, तेव्हापासून तालुक्यात फवारणीच्या नोंदी ठेवायची शिस्त आली. बाग गेली तरी आण्णांची वही चालू राहिली.

संकष्टीच्या दिवशी त्या वहीत नोंद होती. अक्षर आण्णांचं. "डोंगळे – फुलकिडे – फिप्रोनिल – ८ पंप – स. ९."

ते औषध मी सांगितलं होतं.

आठवड्यापूर्वी पातींवर पांढरे चट्टे दिसले म्हणून मी फोटो काढून दोन ग्रुपवर टाकले, व्हिडिओ पाहिले आणि दुकानातून बाटली आणून दिली. आण्णा म्हणाले होते, "फुलात मारायचं का?" मी म्हणालो होतो, फुलकिडे फुलातच असतात ना. बाटलीसोबतचा घडीचा कागद मी त्या रात्री कचऱ्यातून शोधून काढला. मोबाईलच्या उजेडात, मुंगीएवढ्या अक्षरांत, मधमाश्यांना विषारी असल्याचं त्यावर छापलेलं होतं. सकाळी नऊची फवारणी म्हणजे ऊन वर यायच्या वेळी, माश्या शेतात येतात नेमक्या त्याच वेळी.

आपण याला औषध म्हणतो. कृषी सेवा केंद्रात गेल्यावर कुणी 'विष द्या' म्हणत नाही.

मेलेल्या माश्या शेतात ढिगानं दिसल्या नाहीत, म्हणून आम्हाला कळलं नाही. चारा आणायला निघालेली माशी विष घेऊन वाटेतच कुठेतरी पडते. जी परत जाते ती पोळ्यावर नाचून बाकीच्यांना चाऱ्याची दिशा आणि अंतर सांगते. जी परत गेलीच नाही तिचं शेत पोळ्याला माहीतच होत नाही.

मी आण्णांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून नोंद वाचली, वही मिटली आणि म्हणाले, "राहू दे. आता बोलून काय बी येणारे का?"

आम्ही कुणालाच सांगितलं नाही. नानांच्या ब्लोअरची गोष्ट भाऊबंदांत पसरली होती, ती तशीच राहिली.

*

पुढचे पंधरा दिवस आम्ही माश्यांचं काम केलं. कुणीतरी गुळाचं पाणी फवारायला सांगितलं, ते फवारलं. त्यावर मुंगळे आले. मग आईनं जुन्या सुती साडीचे मऊ तुकडे केले. आई, काकू लागणाऱ्या दोन मजूर बाया, आणि लंच ब्रेकमध्ये मी. ओळीनं जायचं, गोंड्यावरून कापड हलकेच फिरवायचं, मग पुढचा गोंडा. एका गोंड्यात काही फुलं पराग देण्याच्या अवस्थेत, काही घेण्याच्या अवस्थेत असतात, म्हणून याचा थोडा उपयोग होतो. पण आज फिरवलं तरी उद्या नवी फुलं उमलतात. परवा आणखी. पूर्ण प्लॉट हातानं फिरून व्हायला दोन दिवस लागायचे, आणि तोवर पहिल्या ओळीतली फुलं मिटलेली असायची. दुसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. आई काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "एवढं सगळं त्या मुकाट्यानं करायच्या."

एप्रिलमध्ये गोंडे कापले, वाळवले, बडवले. उफणताना वाऱ्यावर भुशाबरोबर किती काळं उडून गेलं ते सगळ्यांना दिसत होतं. पोचट बी. शंभर किलोच्या वर जाईल असा आण्णांचा अंदाज होता. पाखडून हातात आलं एकतीस किलो. कर्जाचे हप्ते पुढची दोन वर्षं माझ्या पगारातून गेले. ते ठीकच झालं म्हणायचं.

*

पुढच्या हंगामात आम्ही मधपेट्या भाड्यानं आणल्या. युरोपियन मेलीफेरा माश्यांच्या पेट्या घेऊन फिरणारा एक मधपाळ आला. पेट्या उतरवण्याआधी त्यानं मोटरसायकलवरून मळ्याच्या चारी बाजूंना चक्कर मारली आणि येऊन तीन प्रश्न विचारले. आजूबाजूला कोण कधी फवारतं? पाणी कुठे आहे? आणि डोंगळे संपल्यावर इथे फुलायला काय आहे?

तिसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

"मग तीन आठवड्यांनी मी उचलणार," तो म्हणाला. "इथं ठेवल्या तर उपाशी मरतील."

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी नंतर वाचून पडताळली. मधमाशीला कांद्याचं फूल फारसं आवडत नाही. त्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं. १९७२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं होतं. जवळपास दुसरं काही चांगलं फुललं असेल तर माश्या कांदा सोडून तिकडे जातात. त्यामुळे डोंगळ्यांच्या काळात शेजारी मोहरी फुललेली नको, पण बाकीच्या अकरा महिन्यांत काहीतरी फुललेलं हवं.

मी पुन्हा एक तक्ता केला. या वेळी पैशांचा नाही, फुलांचा. जून ते ऑक्टोबर: बाभूळ, मग बोर, तीळ, मक्याचा पराग. ऑक्टोबर ते डिसेंबर: तूर. फेब्रुवारी: आमचे डोंगळे. मार्च ते मे: जांभूळ, निंब, करंज. मधेमधे शेवगा. आईनं नावं सांगितली, मी महिने भरले. तक्ता पूर्ण भरला तेव्हा वाटलं, सोय तर आहे. मग त्यातली जी झाडं, जी पिकं आता आमच्या शिवारात उरली नाहीत त्यांच्यावर लाल रंग टाकला. तीळ माझ्या जन्माआधी गेला. बाभळी रस्ता रुंद करताना गेल्या, बोरी बांध कोरताना. तूर सोयाबीननं खाल्ली. तक्ता जवळजवळ लाल झाला.

कांद्याला माशी तीन आठवडे लागते. माशीला फूल बारा महिने लागतं. आम्ही आमचे तीन आठवडे तेवढे धरून बसलो होतो.

*

हे कळायला मला तक्ता लागला. आजीला लागला नसता. आमच्या आणि नानांच्या बांधावर पूर्वी एक उंबर होता. मी लहान असताना आजी पिकलेलं उंबर फोडून दाखवायची आणि आतून भुरभुर बाहेर पडणारी चिलटं मी फुंकून लावायचो. "मारू नको," ती म्हणायची, "ती हायेत म्हणून उंबर हाये." मला वाटायचं, दत्ताचं झाड म्हणून म्हणतेय.

उंबराचं फूल दिसणं म्हणजे अशक्य गोष्ट, असं आपण म्हणतो. ते दिसत नाही, कारण उंबर हेच आतल्या बाजूला उमलणाऱ्या फुलांचं बंद घर आहे. त्याच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून एका ठरावीक जातीची इवलीशी गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती सोबत आणलेला पराग फुलांवर देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिची पिल्लं तिथे वाढतात. बिनपंखांचे नर माद्यांशी जुगून बाहेर पडायची वाट कोरतात, आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. बाहेर त्यांचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात योग्य अवस्थेतलं उंबर सापडलं नाही तर सगळं संपलं. उंबर सगळे एकाच वेळी फळत नाहीत. एक झाड आज, दुसरं पंधरा दिवसांनी, असं वर्षभर परिसरात कुठे ना कुठे त्या माशीसाठी दार उघडं असतं. हे झाड आपल्या माशीला बारा महिने सांभाळतं, म्हणून त्याला माशी भाड्यानं आणावी लागत नाही.

नानांनी बाग लावली तेव्हा त्या उंबराची सावली वेलींवर पडायची आणि फळांना येणारी पाखरं द्राक्षांवर उतरायची. दोघा भावांनी मिळून तो तोडला. वाटणीनंतर त्यांनी एकमतानं केलेलं ते बहुधा एकमेव काम असावं. आजी त्या दिवशी जेवली नाही.

*

नानांना खरं सांगायला मला दोन वर्षं लागली. पेट्या पुन्हा आणायच्या होत्या आणि मधपाळानं अट घातली होती, की शेजाऱ्यांनी फवारणीच्या आदल्या दिवशी कळवायचं, म्हणजे तो रात्री पेट्यांची दारं बंद करून ठेवेल. ते मागायला मी नानांच्या पडवीत जाऊन बसलो. चहा आला. मी आधी अटीचं बोललो, मग म्हणालो, "नाना, त्या वर्षी तुमच्या ब्लोअरनं नव्हतं झालं. आम्हीच फुलात फिप्रोनिल मारलं होतं. मीच आणून दिलं होतं."

नानांनी बशीतला चहा संपवला.

"मला माहितीये," ते म्हणाले. "माझा माल तेव्हा एक्सपोर्टला लागला होता. काढणीआधी पंधरा-वीस दिवस माझा पंप बंदच होता. मह्याकडं बी वही हाये."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुह्या बापाचं बी गेलं होतं," नाना म्हणाले. "त्यात आणखी काय बोलायचं?"

मला या उत्तरावर काही सुचलं नाही. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या पोटात औषधाचा अंश जाऊ नये म्हणून आमच्या तालुक्यानं वह्या ठेवल्या, प्रयोगशाळांत नमुने पाठवले, बागेगणिक नोंदणी केली. हे सगळं आम्हाला जमलं. बांधापलीकडच्या फुलावर उद्या फवारणी आहे एवढं शेजाऱ्याला सांगणं मात्र आम्हाला जमलेलं नव्हतं. आता एक ग्रुप आहे. नाना त्यावर फक्त तारीख आणि वेळ टाकतात, बाकी काही नाही. आण्णा त्यावर अंगठा देतात.

बांधावर मागच्या पावसाळ्यात करंज, शेवगा आणि दोन जांभळी लावल्यात. करंजांतले निम्मे उन्हाळ्यात गेले. आई कडेच्या दोन ओळी तिळाच्या टाकते, त्याचं नाना हसतात. तक्त्यातला लाल रंग थोडा कमी झालाय, फार नाही. डोंगळ्यांचा प्लॉट आता दहा गुंठ्यांचा आहे. फुलात काहीही मारत नाही, म्हणून फुलकिडे थोडं खातात. पेट्या येतात आणि तीन आठवड्यांनी जातात.

या फेब्रुवारीत मी पुण्यात होतो. दुपारी आईचा फोन आला. "ऐक," एवढंच म्हणून तिनं फोन बहुतेक गोंड्यांजवळ धरला. मला काहीच ऐकू आलं नाही. फोनवर बोलताना मागचा गोंगाट काढून टाकायची सोय असते, तिनं माश्यांची गुणगुण गोंगाट समजून गाळून टाकली असणार. मी आईला तसं सांगितलं. तिनं मग रेकॉर्ड करून पाठवलं. चाळीस सेकंद. पहिली दहा सेकंद वारा आहे, नंतर ती गुणगुण सुरू होते. शेवटी मागून नानांचा आवाज येतो. उद्या सकाळी पंप आहे, पेट्या झाका म्हणून ते आण्णांना सांगत होते.